एकशे नव्व्याण्णव वर्षांच्या आम्ही चौघी

हे किस्से मी मुद्दाम जमवलेले नाहीत. घरात रिकाम्या बरण्या जमतात तसे ते जमले. टाकवत नाहीत, आणि उपयोगही काही नाही. घरी कुणी आलं, भिंतीवरचा चौघींचा टोप्या घातलेला फोटो बघितला, की विचारतं, "ही काय भानगड?" मग चहा होईपर्यंत एखादा सांगावा लागतो. आता गुडघे गेलेत, पोहणं सुटलंय, आणि खरं सांगायचं तर सांगण्याचाही कंटाळा येतो. तुम्ही विचारलंतच, तर एकदाच सगळे सांगून टाकते.

नव्वदीच्या शेवटी आणि दोन हजारनंतरची काही वर्षं वसईत आमची बायकांची एक रिले टीम होती. चौघींनी पन्नास-पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहायचं. पहिलीने येऊन भिंतीला हात लावला की वर उभ्या असलेल्या दुसरीने उडी टाकायची, मग तिसरी, मग चौथी. वय झालेल्यांच्या वेगळ्या स्पर्धा असतात, त्यांना मास्टर्स म्हणतात. मास्टर कशातले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिली शकूताई, नायगावच्या खाडीकाठची. ती खाडीत पोहायला शिकली. दुसरी मंजिरी, बँकेतली ऑफिसर, मूळची पुण्याची. ती पुस्तक वाचून शिकली असावी. तिसरी मी, नलू. डॉक्टरांनी कंबरेसाठी पोहायला सांगितलं म्हणून आले आणि अडकले. आणि चौथी रेबेकामावशी. सांडोरची, केळीची वाडी असलेली, आमच्यात सगळ्यात मोठी. वाडीतल्या बावखलात, म्हणजे शिंपण्यासाठी खणलेल्या तळ्यात, ती पोहायला शिकली होती. आणि आम्हाला शिकवायला, किंवा आवरायला म्हणा, नाईकसर.

*

पहिल्या दिवशी सरांनी मावशीला पाण्यात उतरवलं. ती डोकं वर ठेवून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघत, शांतपणे पलीकडे गेली आणि परत आली.

सर म्हणाले, "मावशी, डोकं पाण्यात घाला."

"आणि साप आला तर?"

"पूलमध्ये साप नसतो."

"तुम्ही आत जाऊन बघितलंत?"

सरांनी महिनाभर प्रयत्न केले. मग एका स्पर्धेत कुणीतरी तक्रार केली की या बाई फ्रीस्टाइल पोहतच नाहीत. सर थकलेल्या चेहऱ्याने नियमांचं पुस्तक घेऊन पंचांकडे गेले. त्यात लिहिलं होतं की फ्रीस्टाइलमध्ये स्पर्धकाने कुठल्याही पद्धतीने पोहावं. सर परत आले आणि म्हणाले, "मावशी, आख्ख्या स्पर्धेत नियमाप्रमाणे पोहणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात." त्यानंतर त्यांनी डोक्याचा विषय काढला नाही.

*

त्या वर्षांत वसईत पाण्याची काय दशा होती ते इथे राहिलेल्यांना सांगायला नको. आमच्या सोसायटीत नळाला दोन दिवसांनी पाणी, तेही करंगळीएवढं. बाकी टँकर. मी सकाळी पाचला उठून पोहण्याचं तळं गाठायची, पोहायची, तिथल्याच शॉवरखाली आंघोळ उरकून ऑफिसला पळायची. घरच्यांचं पाणी तेवढंच वाचायचं.

एकदा मी ओल्या केसांनी परत येत होते आणि खाली टँकरपाशी बायका हंडे घेऊन भांडत होत्या. तळमजल्याच्या वहिनींनी मला बघितलं. म्हणाल्या, "नलूताई, उद्यापासून जाताना एक बादली घेऊन जा. येताना भरून आणा."

मी हसले. हसण्याशिवाय काय करणार? दुसऱ्या दिवशी तळ्याच्या फाटकावर पाटी होती : पाणीटंचाईमुळे बंद. महिनाभर कोरडं तळं. वहिनींनी विचारलं, "आता काय करणार?" मी म्हटलं, "बादली घेऊन तुमच्या मागे उभी राहणार." आणि राहिले.

*

तळं बंद, म्हणून मावशी आम्हाला तिच्या बावखलावर घेऊन गेली. भोवती केळी, पाण्यावर शेवाळ. सरांनी सुंभाची दोरी टाकून लांबी मोजली. बावीस मीटर, आमच्या तळ्याहून तीन कमी. सर म्हणाले, "उरलेले तीन मीटर मनात पोहा."

तिथे मावशीचे नियम चालायचे, सरांचे नाही. नियम दोनच. पहिला : पोहून येणारीला काठावरच्या बाईने हात द्यायचा. काठ निसरडा, हात दिल्याशिवाय वर येताच येत नाही. दुसरा : सगळ्यात शेवटी जी निघेल तिने मागे वळून पाण्याकडे नीट बघायचं, आत कुणी राहिलंय का. मावशीच्या लहानपणी तिथे काही घडलं होतं का, ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. पण मान वळवायला कुणी विसरलं तर ती रागवायची. एरवी ती रागावत नसे.

तिथेच एका सकाळी, पाय पाण्यात सोडून बसलेलो असताना, मंजिरीने तिला विचारलं, "मावशी, या वयात तुम्ही हे सगळं कशासाठी करता?" आम्हाला वाटलं, म्हणेल तब्येतीसाठी.

मावशी म्हणाली, "चर्चच्या पुस्तकात माझं नाव दोनदा आहे. एकदा बाप्तिस्म्याला, एकदा लग्नाला. दोन्ही वेळेस मी काही केलं नव्हतं, लोकांनीच मला नेऊन उभं केलं. तिसऱ्यांदा नाव येईल तेव्हा वाचायला मी नसणार. त्याच्या आधी एक कागद पाहिजे. छापलेला. त्यात माझं नाव, आणि पुढे मी किती वेळात गेले ते."

शकूताईने नुसतं "गावल गो मावशे," म्हणजे मिळेल, असं म्हटलं आणि पाण्यात उडी टाकली.

*

हा कागद मिळणं अवघड नव्हतं. कुठल्याही स्पर्धेत रिले पुरी केली, की निकालपत्रात चौघींची नावं आणि वेळ छापून येते. पहिले नका येऊ, शेवटचे या. फक्त नियम मोडायचा नाही.

राज्य स्पर्धेत आम्ही चक्क चांगल्या चाललो होतो. माझी तिसरी पाळी. मी तोंडाला फेस आलेल्या अवस्थेत भिंतीजवळ आले. वर मावशी उभी. तिने मला बघितलं, वाकली आणि हात पुढे केला. आणि मी, महिनाभर बावखलात हेच केलेली मी, तो हात धरला. तिने मला ओढून वर घेतलं, कठड्यावर नीट बसवलं, "बरी आहेस ना?" असं विचारलं, आणि मग स्वतः उडी टाकली.

भिंतीला हात लावायचा राहिला तो राहिलाच. निकालपत्रात आमच्या नावापुढे वेळेच्या जागी लिहून आलं : अपात्र.

पंच मला म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं काम करतोय, स्पर्धकाची विचारपूस करून उडी मारणारी टीम पहिल्यांदा बघितली." त्यांचा आवाज कौतुकाचा होता. त्या कौतुकाचं मी काय करू?

*

पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा. या वेळी सरांनी मावशीला आणि मला तंबी दिली होती. हात द्यायचा नाही, घ्यायचा नाही. आम्ही दोघी घाबरून एकमेकींकडे बघतही नव्हतो. शकूताईची कुणालाच काळजी नव्हती, ती आमची सगळ्यात वेगवान.

ती पहिली सुटली. पन्नास मीटरचं लांब तळं, पलीकडचं टोक उथळ. ती सगळ्यांच्या पुढे होती. मी स्वतः बघितलं, पुढे होती. टोकाला तीन-चार मीटर राहिले असताना तिचे पाय तळाला लागले. शकूताई उभी राहिली, तोंडावरचं पाणी निपटलं, आणि उरलेलं अंतर चालत जाऊन भिंतीला हात लावला.

फ्रीस्टाइलमध्ये कसंही पोहा, पण चालायचं नाही. अपात्र.

सर डोक्याला हात लावून बसले. शकूताईला तिचं काय चुकलं तेच कळेना. "सर, खाडीत पाय लागल्यावर कोन पोहतं? चिखलात तोंड घालायचं का? पानी संपलं की मानूस चालनार."

मावशीने निकालपत्र मागून घेतलं. तिला मराठी चौथीपर्यंतचं यायचं, इंग्रजी नाही. तिने मला वाचायला सांगितलं, मी वाचलं. नाव होतं, वेळ नव्हती. "पुन्हा तेच?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने कागद घडी करून मलाच परत दिला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

परतीच्या प्रवासात शकूताई मावशीच्या शेजारी बसली होती. वसईला उतरताना म्हणाली, "मावशे, आता मी पाय पोटाशी धरून पोहीन."

*

मग आली परदेशातली स्पर्धा. गावाचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. मास्टर्समध्ये निवड वगैरे फारशी कडक नसते, ज्यांना जायचंय ते जातात, हे मी लोकांना सहसा सांगत नाही.

फॉर्म मंजिरीने भरले. तिकडून पत्र आलं : तुमच्या दोन स्पर्धकांची जन्मतारीख एकच आहे, एक जून. नोंदीत चूक झाली आहे काय? त्या दोघी म्हणजे मी आणि शकूताई. दोघींचे बाप आम्हाला शाळेत घेऊन गेले, गुरुजींनी विचारलं, कधीची? बापांना आठवेना. गुरुजींनी एक जून लिहून टाकलं.

मंजिरीने उत्तराचा मोठा मसुदा केला होता. सरांनी तो बाजूला ठेवला आणि एकच वाक्य पाठवलं : "चूक नाही, आमच्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होते." पुन्हा पत्र आलं नाही.

*

खरी पंचाईत पुढे होती. रिलेमध्ये गट पडतात ते चौघींच्या वयाच्या बेरजेवर. दोनशे किंवा जास्त झाली तर वरचा गट, तिथे आमच्यासारख्याच. दोनशेच्या आत राहिली तर खालचा, तिथे तरण्या बायका.

मंजिरीने बेरीज केली. तिची एक्केचाळीस, माझी अठ्ठेचाळीस, शकूताईची बावन्न, मावशीची अठ्ठावन्न. एकशे नव्व्याण्णव.

"परत कर," सर म्हणाले. तिने परत केली. एकशे नव्व्याण्णवच.

आयुष्यभर वय लपवलं आणि आता एका वर्षासाठी आम्ही चार बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. शकूताईने आईला फोन लावला. आई म्हणाली, तुला दोन वर्षं कमी लावलीत, बांध फुटला त्या साली झालीस तू. म्हणजे खऱ्या हिशेबाने आम्ही दोनशे एक होतो. पण पासपोर्टला बांध कधी फुटला ते माहीत नसतं.

"मग आता?" मावशीने विचारलं.

सर म्हणाले, "आता काय, तरण्यांबरोबर पोहायचं. शेवटचे येणार हे नक्की. पण शेवटचं आलं तरी वेळ छापतात."

"मग झालं तर," मावशी म्हणाली. "मला नंबर कुठे पाहिजे?"

*

त्या दिवसाचं आता सांगते, आणि मग थांबते.

लांब तळं, आठ टीम. मी आधी खोली बघून घेतली : दोन्ही टोकांना खोल, शकूताईचे पाय टेकणार नव्हते. भिंतींवर पिवळ्या पाट्या लावलेल्या, शेवटच्या बाईचा हात पाटीला लागला की समोरच्या मोठ्या फलकावरचं घड्याळ थांबतं. सरांनी मावशीला सांगितलं, "माझ्याकडे बघा. नलू आली की हात पाठीमागे." मावशीने मान हलवली.

शकूताई सुटली आणि पोहत, हो, पोहत, पलीकडे पोचली. मंजिरी तिथून अलीकडे आली. मग मी. माझं मला काही आठवत नाही, छाती फुटते आहे एवढंच आठवतं. टोकाला आले, वर बघितलं. मावशी हात पाठीमागे घट्ट बांधून, डोळे मिटून उभी. मी भिंतीवर हात असा आपटला की मधलं बोट पंधरा दिवस सुजलेलं होतं.

"आली का?" असं विचारून तिने डोळे उघडले आणि सरळ उभ्याने पाण्यात उडी घेतली. तोपर्यंत बाकीच्या साती टीम पोहून संपल्या होत्या. एवढ्या मोठ्या पाण्यात मावशी एकटी. डोकं वर, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. माझ्याबरोबर काठावर शकूताई. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते.

लोक टाळ्या वाजवायला लागले. परक्या देशातले लोक, एका म्हातारीसाठी. मावशी अर्ध्यावर गेली, मग आणखी थोडी. आणि मग मला समोरचं टोक दिसलं.

पलीकडच्या टोकाला बाकीच्या टीमच्या बायका जमल्या होत्या. उंच, तरण्या, ओल्या केसांच्या. मावशी जवळ येताना बघून त्या काठावर वाकल्या आणि त्यांनी तिला वर घ्यायला हात पुढे केले. एकीने नाही, सात-आठ जणींनी. मावशीच्या डोक्यावर हातच हात.

"नको," मी ओरडले. "मावशी, नको." शकूताई ओरडत होती, "भित! मावशे, भित!" पन्नास मीटरवरून त्या टाळ्यांत काय ऐकू जाणार? मंजिरी त्या टोकाला होती, ती बायकांच्या मागे अडकली होती, तिची नुसती टोपी दिसत होती. इतकी वर्षं, दोनदा अपात्र, आणि आता चांगुलपणाने घात होणार.

मावशी हातभर अंतरावर थांबली. पाण्यात उभ्या उभ्या पाय मारत तिने मान वर करून सगळ्या हातांकडे एक-एक करून बघितलं. फलकावरचं घड्याळ पळत होतं. मग ती त्या बायकांना काहीतरी म्हणाली. मंजिरीने नंतर सांगितलं काय म्हणाली ते : "थांबा गो बायांनो. आधी भिंत."

तिने पिवळ्या पाटीवर तळवा ठेवला आणि घड्याळ थांबलं. शकूताई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मीही रडले, सांगायला लाज नाही. पण मावशी बाहेर आली नाही. आधी तिने मान वळवली आणि सगळं पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बघून घेतलं. मग तिने जवळच्या बाईला हात दिला.

निकालाचा कागद तासाभराने भिंतीवर लागला. मी वाचून दाखवलं : आठवा नंबर, चौघींची नावं, चार मिनिटं एकावन्न सेकंद.

"अपात्र कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं, मावशी."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. मग तिने मंजिरीला पाठवून त्या कागदाच्या दोन प्रती मागवल्या. दोन कशाला, ते आम्हाला वसईला परत आल्यावर कळलं.

रविवारी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना संपल्यावर ती मला बरोबर घेऊन फादरांच्या ऑफिसात गेली. फादर नवीन होते, तरुण. तिने प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ही चर्चच्या पुस्तकात ठेवायची आहे."

फादरांनी कागद उलटसुलट बघितला. मग कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "मावशी, माझ्याकडे पुस्तकं तीनच. बाप्तिस्म्याचं, लग्नाचं आणि मयताचं. कुठल्या पुस्तकात ठेवू?"

मावशीने कपाटाकडे बघितलं. पुस्तकं ओळीने उभी होती.

"लग्नाच्या नंतर," ती म्हणाली, "आणि मयताच्या आधी. तिथे थोडी जागा करा."